ओटा तेवढा बाकी

४ जानेवारी, सकाळी ७.१०

नवी वही. बांधणी स्वतः केली. दोऱ्याला मेण, पुठ्ठा जुन्या खोक्याचा, कोपऱ्यांना कापड. असली वही दुकानात मिळत नाही.

सुरुवात नीट व्हावी म्हणून या दोन हातांनी केलेल्या वस्तूंची यादी. घर (पाया आणि छपराचा सांगाडा गवंड्याचा, बाकी सगळं माझं). दारं पाच. खिडक्या सात, एकही झडप करकरत नाही. पलंग दोन. मुलीचा पाळणा, पुढे तो मोडून त्याच लाकडाचं तिचं अभ्यासाचं टेबल. टेबलाच्या पायांना दर तीन सेंटीमीटरवर भोक, म्हणजे मुलगी वाढेल तसं टेबल वाढतं. भोकं अकरा, आठ वापरून झाली. चपलांचं कपाट. कपड्यांचं कपाट, आत दिवा. भिंतीवरचं घड्याळ (यंत्र विकतचं). स्वयंपाकघरातली मांडणी, डबे उंचीप्रमाणे, प्रत्येकाच्या जागेखाली नावाची पट्टी.

ओटा तेवढा बाकी.

कुणाकडे शिकलो नाही. लोक विचारतात, गुरू कोण? मी म्हणतो, आरशात दिसेल तो. आरशाची चौकटही माझीच.

ही नोव्हेंबरपासून दवाखान्याजवळ भाड्याच्या जागेत राहते. तात्पुरतं. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर सकाळी सातची ड्यूटी, इथून दोन बस. मुलगी सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे, कारण हायस्कूल तिथून आठ मिनिटांवर. शनिवार-रविवार इथे. हेही तात्पुरतंच. ओटा झाला की दोघी येतील. जाताना ही म्हणालीच होती, अहो, दोन वर्षं मी जमिनीवर बसून भाजी चिरतेय. म्हणजे मुद्दा ओट्याचा आहे.

संकल्प : ओटा, ३१ जानेवारीच्या आत.

७ जानेवारी

हायस्कूलचं काम मिळालं. बाकदुरुस्ती, नववीचे दोन वर्ग, बाक चौसष्ट. मुलगीही नववीतच. सरळसोट वाढली आहे म्हणून मी तिला फुटपट्टी म्हणतो. तिने फोनवर अट घातली : बाबा, शाळेत मला फुटपट्टी म्हणून हाक मारायची नाही. मी म्हणालो, कामाच्या जागी मी कुणालाच ओळखत नाही. ती म्हणाली, आणि सरांच्या चुका काढायच्या नाहीत. मी म्हणालो, चुका मी काढत नाही, त्या दिसतात.

८ जानेवारी, दुपारी

मागच्या भिंतीशी बसून बाक ठोकत होतो, समोर समाजशास्त्राचा तास. सर तरुण, आवाज चांगला, फळा वाकडा टांगलेला (उजवीकडे ९ मिलिमीटर खाली). नकाशा कसा वाचायचा ते शिकवत होते. अखंड रेषा म्हणजे जे आहे ते. तुटक रेषा म्हणजे जे व्हायचंय ते. ठरलेला पण अजून न झालेला रस्ता, पूल वगैरे.

मला पटलं नाही. जे नाही ते नकाशात दाखवायचंच कशाला? झालं की दाखवा. हात वर करणार होतो. हातात हातोडी होती म्हणून राहिलं. सर म्हणाले, मागे जरा हळू ठोकता का? वर्ग हसला. फुटपट्टी वहीत बघत होती.

१० जानेवारी, शनिवार

फुटपट्टी आली. नकाशात जे आहे तेच दाखवावं, हे माझं मत तिला ऐकवलं. मग इंग्रजीचा निबंध मागून घेतला आणि तपासला. विषय ‘माझी आई’. माझं इंग्रजी स्वकष्टाचं आहे : यंत्रांची माहितीपत्रकं, रंगाचे डबे, खोक्यांवरच्या सूचना. व्यवहारातलं, ठणठणीत इंग्रजी. तिच्या निबंधाचा शेवट कच्चा वाटला. दोन वाक्यं जोडली. हँडल विथ केअर. कीप इन अ कूल अँड ड्राय प्लेस.

ती म्हणाली, बाबा, आईला? मी म्हणालो, भावार्थ बघ.

१४ जानेवारी

इंग्रजीच्या बाईंनी निबंधावर लाल शाईत लिहिलं : शेवटची दोन वाक्यं कुणाची? दहापैकी पाच. शिपाई म्हणाला, शिक्षकखोलीत तो निबंध वाचून दाखवला, सगळे खूप हसले. हसले म्हणजे आवडला. मार्क मात्र कमी. आपल्याकडे नव्या शैलीला वेळ लागतो.

ओटा : दगडी फरशी आणली. एका टोकाला ४ मिलिमीटर जास्त जाड. परत केली. दुकानदार म्हणाला, साहेब, यावर चपात्याच लाटायच्या ना, की विमान उतरवायचंय? अशा माणसांमुळेच देश मागे आहे.

१६ जानेवारी

मोठी बातमी. समाजशास्त्राच्या सरांनी आणि इंग्रजीच्या बाईंनी मिळून नववीला एकच प्रकल्प दिला आहे. ‘माझं घर’. समाजशास्त्रासाठी घराचा प्रमाणबद्ध नकाशा, कोपऱ्यात खुणांची सूची. इंग्रजीसाठी त्या नकाशावर दोनशे शब्द. प्रत्येकी वीस मार्क. पालकदिनी, १४ फेब्रुवारीला, सगळे नकाशे हॉलमध्ये लावणार.

नकाशा कसला, घरच देतो. लाकडी मॉडेल, प्रमाण १ : २०, छप्पर उचललं की आतलं सगळं दिसेल. असं घर नववीत दुसऱ्या कुणाकडे नाही. घरही नाही आणि बापही नाही. हिलाही पालकदिनाला यावंच लागेल. मॉडेल बघेल. आपण काय सोडून भाड्याने राहतोय ते १ : २० मध्ये स्पष्ट दिसेल.

ओट्याची तारीख १४ फेब्रुवारी केली. दोन्ही एकदमच.

१७ जानेवारी, शनिवार

फुटपट्टी म्हणाली, बाबा, प्रकल्प मला करायचाय. मी म्हणालो, तू इंग्रजी बघ, घर माझ्याकडे लागलं. ती म्हणाली, घर कुणाकडे लागलंय तेच तर. अर्थ लागला नाही. या वयात मुलं वाक्यं अर्धवट सोडतात.

१९ जानेवारी

पाच मीटरचा स्टीलचा टेप सापडत नाही. अठरा वर्षं माझ्याकडे आहे. भिंतीवर त्याची खिट्टी आहे, खिट्टीखाली पट्टी आहे, पट्टीवर ‘टेप’ लिहिलंय. जागा रिकामी. शाळेत शिपायाला विचारलं. तो म्हणाला, मला चोर म्हणताय का? मी म्हणालो, नाही, निष्काळजी म्हणतोय. तो आता बोलत नाही आणि चहाही आणत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

फुटपट्टीला टेपबद्दल विचारलं. म्हणाली, मिळेल हो, जाईल कुठे. तिची उशी दिसली नाही. म्हणाली, तिकडची उशी टोचते म्हणून नेली. स्वेटर मात्र इथेच आहे, खुंटीवर. ज्याला परत यायचं नसतं तो स्वेटर ठेवत नाही.

मॉडेलच्या भिंती उभ्या राहिल्या. दाखवल्या. ती बोटाने दार उघडून म्हणाली, कडीपण लागते? मी म्हणालो, लागते. बराच वेळ ती कडी लावत होती, काढत होती.

३१ जानेवारी

फुटपट्टी या आठवड्यात आली नाही. चाचणी आहे. चांगलं आहे, मला मॉडेलला वेळ मिळाला. मांडणी झाली. डबे खडूचे. टेबलाच्या पायांना अकरा भोकं पाडली, सुईने. मॉडेलमध्ये ओटाही केला. आठ मिनिटं लागली. सुरेख बसला, एका फटक्यात. घरातल्या ओट्याला हेच तंत्र वापरायचं.

चार खुर्च्या केल्या. माणसं करावीत असं वाटलं होतं. दोन प्रयत्न केले. माणसं मला जमत नाहीत. खुर्च्या पुरे.

७ फेब्रुवारी, शनिवार

फुटपट्टी आली, दोन तास. टेबलावरचा दिवा नेला. म्हणाली, तिकडे कोपऱ्यात अंधार आहे. दिवा मीच केलेला, तेव्हा माझाच उजेड तिकडे जातोय. तसं बघितलं तर बरंच आहे.

जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा तरी या की तिकडे. इतके दिवस झाले, अजून एकदाही आला नाहीत. मी म्हणालो, तात्पुरत्या जागेला काय भेट द्यायची? ती म्हणाली, बरं. नंतर दारातून, माझ्या नकाशात तिकडचं काही आलं तर चालेल? मी म्हणालो, नकाशा लागणारच नाही, मॉडेल आहे. स्वेटर नेलं. बाहेर गारवा होता, त्यामुळे साहजिक आहे.

१२ फेब्रुवारी

ओटा : दुसरी फरशी बसवली, काढली. पाणसळीत बुडबुडा केसभर डावीकडे. केसभर म्हणजे केसभरच, पण मला दिसतो. पालकदिनाच्या आत होणार नाही. घाईने केलेलं काम हिला आवडणारही नाही. तिला थांबायची सवय आहे.

१४ फेब्रुवारी, पालकदिन, दुपारी ३

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी मॉडेल हातगाडीवरून नेलं, स्वतः ढकलत. खाली गादी. हॉलमध्ये सगळ्या भिंतींवर नकाशे. मध्यभागी टेबल होतं, त्यावर मांडलं. सर यादी घेऊन आले. म्हणाले, वा, हे कुणाचं? मी मुलीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, तिचा प्रकल्प मंगळवारीच आलाय, तो बघा खिडकीजवळ. हे तुम्ही केलंत ना? सुंदर आहे हो. पण मार्क मुलांना द्यायचे असतात. मग आम्ही दोघांनी उचलून मॉडेल दाराशी नेलं. तिथल्या टेबलावर पाटी होती, ‘पालकांनी आपलं सामान इथे ठेवावं’. दहा मिनिटांत छपरावर एक पर्स, एक हेल्मेट आणि अर्धा कप चहा. चहाचा डाग राहणार.

खिडकीजवळ गेलो.

घर आमचं नव्हतं.

तीन खोल्या, एकामागे एक. मी कधी न पाहिलेल्या. प्रमाण १ : ५०. खिशात पट्टी होती, तपासलं. पुढची खोली ३.४० गुणिले ३. तिथे दोन पलंग, मधे दिवा. खिडकी दीड मीटर. दारांची उघडण्याची दिशा कंसाने दाखवलेली, जशी मी दाखवतो. एकही रेषा चुकलेली नाही. इतकी अचूक मापं पावलांनी येत नाहीत. टेप कुठे गेला ते कळलं.

स्वयंपाकघरात ओटा. अखंड रेषा.

मागची खोली ३.२० गुणिले २.७५. खिडकी उत्तरेला. कोपऱ्यात नळ. खिडकीला लागून एक लांब चौकोन, तुटक रेषेत. सूचीत बघितलं. तुटक रेषेसमोर इंग्रजीत दोन शब्द : नॉट येट. अजून नाही.

खाली निबंध. शब्दकोश बरोबर नव्हता, म्हणून वहीत उतरवून घेतला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या वेळी सगळी वाक्यं तिचीच आहेत. वीसपैकी अठरा.

ही आली होती. लांबून पाहिली. तिने मॉडेलच्या छपरावरचा कप उचलला, रुमालाने छप्पर पुसलं आणि छप्पर वर करून आत बघितलं. बराच वेळ. मग तशीच गेली. मी खांबामागे होतो. लपलो नव्हतो, तिथे गर्दी कमी होती.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

निबंधाचा अर्थ लावला. शब्दकोश, पावणेदोन तास. मराठीत असा :

आमच्या घरात तीन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत आई आणि मी झोपतो. आई आता उभी राहून स्वयंपाक करते आणि गाणं म्हणते. मागची खोली माझ्या वडिलांची आहे. तिथला उजेड उत्तरेचा आहे. माझे वडील म्हणतात, उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. त्यांच्या कामाच्या बाकाची उंची मी ८६ सेंटीमीटर धरली आहे. घरचा ८० आहे आणि त्यामुळे त्यांची पाठ दुखते, पण तो त्यांनीच केला आहे म्हणून ते सांगत नाहीत. माझे वडील सगळं करू शकतात. ते अजून आलेले नाहीत.

पाठ दुखते हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

‘गाणं’ हा शब्द दोनदा पाहिला. तोच अर्थ आहे. चौदा वर्षांत हिला गाताना ऐकलं नव्हतं. इथे रंधा चालू असतो म्हणा.

संकल्प : पुढच्या रविवारी तिकडे जायचं.

१७ फेब्रुवारी

नुसतं उठून जाणं बरं दिसत नाही. अटी लिहून काढल्या. अकरा. पहिली : हे घर विकायचं नाही. दुसरी : माझ्या हत्यारांना कुणी हात लावायचा नाही. चौथी : भाडेकरार मी वाचणार. सातवी : डबे उंचीप्रमाणे. बाकीच्या किरकोळ.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. अर्धवट ओटा मागे ठेवून जाणं म्हणजे हार मानणं. ओटा पूर्ण करून, ताठ मानेने जाईन. फुटपट्टी आली नाही, फोन आला. म्हणाली, बाबा, नकाशा बघितलात ना? मी म्हणालो, बघितला. खिडकीची रुंदी लिहायची राहिली एका ठिकाणी. ती म्हणाली, मागच्या खोलीची? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, ती तुम्ही मापाल म्हणून सोडली होती.

अटी नऊ केल्या.

२६ फेब्रुवारी

फरशीला बारीक चीर. तिसरी मागवली. दुकानदार आता मला बघून आधीच मान हलवतो. अटी पाच.

१ मार्च, रविवार

निघालो होतो. बसथांब्यावर लक्षात आलं, शर्टावर लाकूड चिकटवायचा सरस. परत आलो, बदलला, तोवर उन्हं कलली. आता इतके दिवस गेले, तर आठवड्याने काय बिघडतं? खोली कुठे पळून जात नाही.

अटी दोन. बाकाची उंची ८६ मान्य.

८ मार्च, रविवार, संध्याकाळी ६

गेलो. हत्यारांची पेटी घेऊन. पेटीचं वजन साडेचौदा किलो, बसमध्ये मांडीवर. अटींचा कागद खिशात. पोहोचेपर्यंत एकही उरली नव्हती.

हिने दार उघडलं. पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, अहो, कळवायचं तरी. आत या. चहा केला, उभी राहून. ओटा विकतचा, पुढे पाच मिलिमीटर उतार, उघड्या डोळ्यांनी दिसतो. मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मागच्या खोलीच्या दाराला पडदा होता. निळा, फुलाफुलांचा. हिचा नाही. मी म्हणालो, जरा माप घेतो. ही म्हणाली, थांबा, तिथे कुणी झोपलंय. दवाखान्यातली नर्स, रात्रपाळीची. एक तारखेपासून ठेवली. किती महिने एकटीने भाडं ओढणार? मी फेब्रुवारी संपेपर्यंत थांबले होते, अहो. पालकदिनानंतर तर रोज थांबले. हळू बोलत होती, नर्सची झोप मोडू नये म्हणून. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

एक तारीख. शर्टावर सरस होता तो दिवस.

फुटपट्टीचा नकाशा पुढच्या खोलीत भिंतीवर होता. जवळ जाऊन बघितला. मागच्या खोलीतला चौकोन रबराने खोडलेला. सूचीतली तुटक रेषाही. पण पेन्सिल दाबून धरायची सवय तिला माझ्याकडूनच लागली आहे. कागदावर वण राहिलेत. बोट फिरवलं की लागतात. रेषेचे सगळे तुकडे लागले.

ती म्हणाली, बाबा, नकाशात जे आहे तेच दाखवायचं, तुम्हीच म्हणता ना. मग टेप आणून दिला. पुसून, तेल लावून. म्हणाली, एक सांगू? माझं टेबल इकडे आणून द्याल? इकडचं विकतचं आहे, गुडघे लागतात.

मी म्हणालो, देईन.

पेटी परत आणली. साडेचौदा किलोच.

१४ मार्च, शनिवार

टेबल पोहोचवलं. नवव्या भोकावर लावून दिलं. वरची दोन शिल्लक आहेत. ती कशी वापरायची ते तिला दाखवून ठेवलं.

शाळेचे चौसष्ट बाक झाले. शिपायाची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या हो, बसा, चहा घ्या. समाजशास्त्राच्या सरांच्या वर्गातला फळा जाता जाता सरळ केला. मॉडेल त्यांच्या वर्गात ठेवलंय, खिडकीत. छपरावरचा चहाचा डाग मी काढलेला नाही.

२२ मार्च, रविवार, दुपारी ४

ओटा झाला. तिसरी फरशी. बुडबुडा बरोबर मधोमध. लांबी २.१०, उंची हिच्या कोपराच्या मापाने, ते माप मला पाठ आहे. त्यावर चहा केला. एक कप.

यादी पूर्ण झाली. वहीत एकच नोंद राहिली आहे, तीही करून टाकतो, म्हणजे हिशेब अर्धा राहायला नको.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसहा, याच जागी. ही जमिनीवर बसून भाजी चिरत होती, मी दाराला रंधा मारत होतो. ही म्हणाली, अहो, दवाखान्याजवळ तीन खोल्या बघितल्यात. मागची तुमच्या कामाला. उजेड तुम्हाला हवा तसा आहे, नळ आतच. तिघंही जाऊ. हे घर कुठे जातंय? रविवारी येऊन करा काय करायचं ते. मी म्हणालो, दुसऱ्याच्या भिंतीत मी खिळा मारत नाही. ती म्हणाली, भाडं निम्मं निम्मं करू. मी रंधा थांबवला नाही, म्हणून तिला तो आकडा दोनदा सांगावा लागला. माझ्या वाट्याला महिना अठराशे पन्नास.